वाद्ये आहेत, वादक आहेत, बैठक हवी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी समर्थपणे घेतला आहे. त्याची पुनरुक्ती न करता मी पुढील काळासाठी एक विनंती घेऊन आपल्यासमोर उभा आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन वनजिल्ह्यांतील हौशी वादकांचा एक शास्त्रीय वाद्यवृंद उभा राहावा आणि त्याच्या सरावासाठी आपल्या संस्थेने आठवड्यातून एक संध्याकाळ सभागृह उपलब्ध करून द्यावे, एवढीच ती विनंती आहे. मी व्यवसायाने व्यापारी आहे. पेटी ही माझी हौस. त्यामुळे मी जे बोलणार आहे ते संगीतज्ञाच्या अधिकाराने नव्हे, हौशी माणसाच्या अनुभवाने बोलणार आहे.

वादक कोठून आणणार, हा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. माझे उत्तर असे की, ते येथेच आहेत. भाताचे पीक घरात आले की दिवाळीच्या सुमारास झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपासपर्यंत चालतो. देसाईगंज म्हणजे आपले वडसा हे त्याचे केंद्र. दंडार आणि खडी गंमत या लोककलांशी नाते सांगणाऱ्या या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने ती बातमी वाचली. परंतु त्याच रंगमंचाजवळ बसून रात्र रात्र पेटी, तबला आणि ढोलक वाजवणाऱ्यांपैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा वारसा सांभाळणारी भजनी मंडळे गावोगाव आहेत. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत वसलेल्या बंगाली बांधवांच्या कीर्तनात खोल आणि करताल वाजतात. कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि बल्लारपूरचा कागद कारखाना यांच्यामुळे दूरदूरच्या प्रांतांतून कुटुंबे येथे आली. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी व्हायोलिन आहे, कोणाच्या घरी सतार. आपल्या पूजांमध्ये आणि भावनांमध्ये पेटी धरणारे हातही कमी नाहीत.

आणि आपली मुले? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना ती बसतात. प्रारंभिक होते, प्रवेशिका होते, मध्यमाही होते. मग दहावी-बारावी येते, त्यानंतर नागपूर किंवा पुण्याचे महाविद्यालय येते आणि वाद्य कपाटावर चढते. प्रमाणपत्र चौकटीत राहते. दोष मुलांचा नाही. परीक्षा संपल्यावर चार जणांनी एकत्र बसून वाजवावे अशी जागाच आपण त्यांच्यासाठी ठेवलेली नाही.

काही वर्षांपूर्वी मी माझ्या घरी असा प्रयत्न करून पाहिला आणि तो फसला. तो का फसला हे आज मोकळेपणाने सांगणे मला आवश्यक वाटते. आम्ही सहा जण होतो. दोन पेट्या, एक सतार, एक व्हायोलिन, एक तबला आणि नाटकांच्या साथीला जाणारे एक ढोलकवादक. ते दूरच्या गावाहून एस. टी. ने येत. पहिल्याच बैठकीत असे लक्षात आले की, दोन वेगवेगळ्या कारागिरांनी केलेल्या पेट्यांची काळी एकही एकमेकींशी तंतोतंत जुळत नाही. कोणती पेटी बंद ठेवायची यावर वाद झाला. माझी बंद ठेवावी असे मला वाटले नाही. दुसऱ्या बैठकीत प्रत्येकाने आपले वाद्य सर्वांत मोठ्याने वाजवले. परंतु खरी चूक तिसऱ्या बैठकीत घडली. गत वाजवता वाजवता आम्हा सर्वांची लय सुटली. त्या गोंधळात सम धरून ठेवणारा एकच माणूस होता, तो म्हणजे ढोलकवादक. त्यांच्या आधाराने आम्ही पुन्हा समेवर आलो. नंतर चहा झाला. रागांच्या वादी-संवादीवर आमची विद्वत्तापूर्ण चर्चा रंगली. ते दाराजवळ, सतरंजीच्या कडेला बसले होते. त्यांना कोणी पुढे बोलावले नाही, काही विचारलेही नाही. घर माझे होते, म्हणून ते कर्तव्य माझे होते. पुढच्या बैठकीला ते आले नाहीत आणि मी चौकशी केली नाही. दोन आठवड्यांनी बैठकच बंद पडली.

बंधू-भगिनींनो, वाद्यवृंद वाद्यांवाचून अडत नाही. तो कोण कोठे बसतो आणि कोण कोणाचे ऐकतो यावर अडतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

एखाद्या लहान समाजाने अशा कामाला जागा दिली तर काय घडू शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १८७० मध्ये मुंबईत पारशी समाजातील संगीतप्रेमींनी गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली. व्यापार-उदीम आणि नोकरी सांभाळणाऱ्या हौशी सभासदांसाठी तेथे शास्त्रीय संगीताचे शिक्षण सुरू झाले. १८८४ मध्ये या मंडळीत एक महाराष्ट्रीय तरुण दाखल झाला. तो पुढे वकील झाला. त्याचे नाव विष्णु नारायण भातखंडे. घराण्यांत विखुरलेल्या बंदिशी गोळा करून त्या स्वरलिपीत आणण्याचे जे प्रचंड कार्य पुढे पंडित भातखंडे यांनी केले, त्याच्या आरंभीच्या वाटेवर एका लहान समाजाने उघडे ठेवलेले हे दार होते. मंडळी पारशी समाजाची होती, परंतु तिचा लाभ साऱ्या देशाला झाला. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीही १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले ते राजाश्रयावर विसंबून नव्हे, लोकांच्या पाठबळावर.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातील मैहरचे. १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगाने अनेक मुले अनाथ झाली. मैहर दरबारी असलेल्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी अशा मुलांना गोळा करून त्यांच्या हाती वाद्ये दिली आणि त्यांतून मैहर बँड उभा राहिला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग नावाचे वाद्यही तयार केले. ती मुले कोणत्याही घराण्यातील नव्हती. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांच्यासारख्या शिष्यांना घडवणाऱ्या गुरूला गावातील निराधार मुलांबरोबर बसण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

आपल्या पूर्वसूरींनाही हा विषय परका नव्हता. स्थानांगसूत्रात आणि अनुयोगद्वारसूत्रात सप्तस्वरांचे विवेचन आहे. आचार्य पार्श्वदेव यांनी ‘संगीतसमयसार’ हा ग्रंथ रचला, तर वाचनाचार्य सुधाकलश यांनी ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’.

आता व्यवहाराचे बोलतो, कारण आपला समाज व्यवहार जाणणारा आहे.

पहिली गोष्ट सुराची. पेटीचे सूर बसल्या बैठकीत बदलता येत नाहीत. सतार, व्हायोलिन आणि तबला मात्र जुळवून घेता येतात. म्हणून एकच पेटी ठेवावी, एक पट्टी ठरवावी, समजा काळी एक, आणि सर्वांनी तिच्याशी मिळवून घ्यावे. बासरीवादकाने त्याच पट्टीची बासरी आणावी. पेटीवर मींड निघत नाही. याच व अशा आक्षेपांमुळे १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने तिला दूर ठेवले होते. तेव्हा मींडेच्या जागा व्हायोलिन आणि बासरीकडे द्याव्यात आणि पेटीने गतीचा सांगाडा सांभाळावा.

दुसरी गोष्ट कागदाची. आपले शास्त्रीय संगीत मूलतः एकट्या कलावंताच्या उपजेवर उभे आहे. दहा जणांनी एकाच वेळी आपापली उपज केली तर बाजार भरेल. म्हणून वृंदाची गत भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत लिहून प्रत्येकासमोर ठेवावी आणि ज्यांना लिपी येत नाही त्यांना ती ऐकवून पाठ करून घ्यावी. यात काही गमवावे लागते हे मान्य केले पाहिजे. आलापातील निवांतपणा वृंदात येत नाही. तरीही प्रत्येक वादकाला चार आवर्तने स्वतंत्र देता येतात आणि त्या वेळी इतरांनी केवळ लेहरा धरावा. १९५२ मध्ये आकाशवाणीने पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली वाद्यवृंद उभा केला, तेव्हा त्यांच्यापुढेही लिखित रचना आणि उपज यांचा मेळ घालण्याचा हाच प्रश्न होता. आरंभ भूपाळी आणि दुर्गा या पाच स्वरांच्या रागांनी करावा, त्यानंतर यमन. ताल एकच, त्रिताल. पहिले सहा महिने जाहीर कार्यक्रम करू नये.

तिसरी गोष्ट ऋतूंची. पावसाळ्यात हवेतील ओलाव्याने तबल्याची पुडी सैल पडते आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीपार गेला की ती ताणून फाटू शकते. आषाढ-श्रावणात रोवणी असते, कार्तिकापासून नाटकांचा हंगाम असतो आणि चातुर्मासात आपले सभागृह प्रवचनांना लागते. सर्व वादक बारमाही येतील ही अपेक्षा चुकीची ठरेल. शहरातील पाच-सहा जण वर्षभर बसतील. नाटकांचे वादक होळीनंतर येतील. त्यांच्यासाठी जागा राखून ठेवली पाहिजे आणि त्यांचा प्रवासखर्च मागण्याआधी हातात दिला पाहिजे.

आपल्या जंगलात एवढा बांबू असताना बासऱ्या येथेच का करू नयेत, असे मला अनेकांनी विचारले. आपल्याकडचा मानवेल बहुधा भरीव किंवा जाड भिंतीचा असतो. मैफिलीच्या बासरीला लांब पेराचा, पातळ भिंतीचा बांबू लागतो आणि तो प्रामुख्याने ईशान्य भारतातून येतो. तेव्हा बासरी विकत घ्यावी. तानपुरा मिरजेहून आणावा. तेथील सतार आणि तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. याशिवाय नवीन खरेदी नको. वाद्ये घराघरांत पडून आहेत.

आणखी एक प्रश्न काहींच्या मनात असेल, तो मीच मांडतो. तबल्याची आणि ढोलकाची पुडी चामड्याची असते. मग संस्थेच्या सभागृहात ती कशी चालावी? हा प्रश्न मला हलका वाटत नाही. कृत्रिम पुडीचे तबले आता मिळतात, पण त्यांचा नाद मूळ पुडीसारखा नसतो, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पूजांमध्ये ढोल वाजतात हे खरे असले तरी तेवढ्याने हा प्रश्न मिटला असे मी म्हणणार नाही. निर्णय विश्वस्तांनी आणि गुरुजनांनी घ्यावा. तो आम्हाला शिरोधार्य असेल. मात्र निर्णय वाद्याविषयी व्हावा, वादकाविषयी होऊ नये. वादक कोणत्या समाजाचा, कोणत्या गावाचा, नाटकातला की भजनातला, याची विचारणा या दाराशी होऊ नये.

गेल्या महिन्यात मी त्या ढोलकवादकांच्या गावी जाऊन आलो. त्यांनी मला ओळखले. मी क्षमा मागितली. ते हसले आणि म्हणाले, “शेटजी, त्या दिवशी तुमची पेटी घाई करत होती.” वृंद सुरू झाला तर याल का, असे मी विचारले. “बोलावून पाहा,” एवढेच ते म्हणाले. त्यांना कोठे बोलवायचे, ते आता आपण ठरवायचे आहे.

 बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेन्द्र.