वाद्यवृंदाचं टपाल तिकीट

१९९३ साली जर्मनीच्या टपाल खात्यानं शंभर फेनिशचं एक तिकीट काढलं. लाइपझिग शहरातल्या गेवांडहाउस वाद्यवृंदाला त्या वर्षी अडीचशे वर्षं झाली, त्याचं ते स्मरण होतं. शंभर फेनिश म्हणजे एक मार्क. साध्या पत्राला तेव्हा देशात तेवढंच तिकीट लागायचं. म्हणजे हे तिकीट संग्राहकांच्या अल्बमपुरतं नव्हतं, ते रोजच्या पाकिटांवर चिकटवायचं होतं. संगीतकारांची तिकिटं आपल्याला नवी नाहीत. २०१४ साली आपल्या टपाल खात्यानं भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यावर तिकिटं काढली. ती एकेका कलावंताची, आणि ते रास्तच आहे. वाद्यवृंदाचं तिकीट मात्र कुणा एकाचं होऊच शकत नाही. मला वाटतं, त्यातून खरा मान मिळतो तो वादकांच्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या गावाला.

लाइपझिगला राजा नव्हता, दरबार नव्हता. ते व्यापारपेठेचं गाव. त्या काळी जर्मनीतले बरेचसे वाद्यवृंद राजेरजवाड्यांच्या पदरी असत. इथं १७४३ साली सोळा प्रतिष्ठित मंडळींनी एकत्र येऊन सोळा वादकांचा ताफा उभा केला. सुरुवातीच्या मैफली खाणावळीच्या दालनात होत. १७८१ साली कापड व्यापाऱ्यांच्या कोठीच्या माळ्यावर सभागृह बांधलं गेलं. जर्मन भाषेत ‘गेवांड’ म्हणजे कापड; तेव्हापासून कापडकोठीचं नाव वाद्यवृंदाला कायमचं चिकटलं. अशा सांभाळातून काय साधतं, याचा दाखला संगीतकार शूबर्टच्या सी मेजरमधल्या मोठ्या सिंफनीचा आहे. १८२८ साली शूबर्ट गेला. ही सिंफनी त्याच्या भावाकडे व्हिएन्नात कागदांच्या ढिगात तशीच पडून राहिली. तिथं ती संगीतकार शूमानच्या हाती लागली आणि त्यानं ती लाइपझिगला धाडण्याची व्यवस्था केली. २१ मार्च १८३९ रोजी वाद्यवृंदाचा तेव्हाचा संचालक मेंडेल्सन यानं गेवांडहाउसच्या वादकांकडून ती वाजवून घेतली. शूबर्टची प्रतिभा दहा वर्षं कागदावर मुकी होती. एवढी लांब आणि अवघड रचना उचलणारा, तयारीचा, एकमेकांच्या सवयीचा ताफा एका गावानं राखला होता, म्हणून ती लोकांच्या कानी पडली.

यावर कुणी म्हणेल, ही तर श्रीमंतांची हौस. साऱ्या देशानं तिचं तिकीट का मिरवावं? सुरुवात श्रीमंतांनी केली, हे खरंच आहे. पण गोष्ट तिथं थांबली नाही. १८४० साली या वादकांना शहराचा वाद्यवृंद म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. आजही या वाद्यवृंदाचे वादक सभागृहात वाजवतात, ऑपेराला साथ करतात आणि सेंट थॉमस चर्चमध्ये मुलांच्या गायकवृंदाबरोबर बाखच्या रचना सादर करतात. सभागृहाची पायरी न चढणाऱ्या माणसाच्याही कानावर ते सूर पडतात. काहींच्या हौसेचं सगळ्यांच्या ठेव्यात रूपांतर झालं, ते अशा वाटेनं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गौरवाच्या तिकिटाखाली शहराची लाज झाकली जाते, असं म्हणता येईल. बारा वर्षं या वाद्यवृंदाची धुरा वाहिलेल्या मेंडेल्सनचा जन्म ज्यू कुटुंबात झाला होता. तेवढ्या कारणावरून १९३६ च्या नोव्हेंबरात, नाझी राजवटीत, गेवांडहाउससमोरचा त्याचा पुतळा रातोरात उखडला गेला. त्याच्या निषेधार्थ महापौर गोर्डेलर पदावरून दूर झाले. पुढे हिटलरविरोधी कटात सामील असल्याबद्दल त्यांना फाशी झाली. ही लाज तिकिटानं पुसली जात नाही, पुसलीही जाऊ नये. पण मान गावाला द्यायचा, तर जाबही गावालाच द्यावा लागतो. एकट्या प्रतिभावंताच्या तिकिटावर अशी जबाबदारी येत नाही. लाइपझिगनं तो पुतळा पुन्हा घडवून २००८ साली सेंट थॉमस चर्चजवळ उभा केला. फार उशिरा, पण केला.

मधल्या काळात दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात वाद्यवृंदाचं तेव्हाचं सभागृह उद्ध्वस्त झालं, देशाचे दोन तुकडे झाले, तरी वाद्यवृंद टिकला. ९ ऑक्टोबर १९८९ च्या संध्याकाळी सुमारे सत्तर हजार लोक पूर्व जर्मनीच्या राजवटीविरुद्ध लाइपझिगच्या रस्त्यावर उतरले. रक्तपाताची भीती सगळ्यांच्या मनात होती. त्या वेळी संयमाचं आवाहन ध्वनिवर्धकांवरून ऐकू आलं, ते या वाद्यवृंदाचे संचालक कुर्ट माझुर यांच्या आवाजात. शहरानं तो आवाज ओळखला, आणि ती रात्र रक्ताविना सरली. देश एक झाला, तरी १९९३ च्या जुलैपर्यंत तिथल्या पिनकोडांआधी पूर्व-पश्चिम सांगणारं अक्षर लिहावं लागत होतं. ते अक्षर गेलं. त्याच वर्षी एका पूर्वेकडच्या शहराच्या वाद्यवृंदाचं तिकीट दोन्हीकडच्या पत्रांवर लागत होतं. पत्र अनेक अनोळखी हातांतून जातं, तेव्हा कुठं घरी पोचतं. शूबर्टची सिंफनीही अशाच अनेक हातांतून आपल्यापर्यंत आली. त्या हातांची आठवण ठेवायला साध्या पत्राचं तिकीट हीच योग्य जागा आहे.