कॅमेऱ्यात कागद



कोकणातल्या खेड तालुक्यातले एखादे जुने घर डोळ्यांपुढे आणा. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, वर लाल कौले, पुढे तांबडी माती आणि माथ्यावर लख्ख आकाश. फोटो छापायचा ब्लॅक अँड व्हाइट कागद फिल्मच्या जागी कॅमेऱ्यात ठेवून या घराचा फोटो काढला, तर शेवटच्या प्रिंटवर भिंत, कौले आणि अंगण जवळजवळ काळे उतरतात, आकाश कोरे पांढरे. आंब्याची तांबूस पालवीसुद्धा काळपट येते. या कागदाला निळा उजेड उत्तम दिसतो, हिरवा थोडाफार, आणि लाल दिसतच नाही.

त्याच्या याच आंधळेपणामुळे शिकणाऱ्याला मोठी सोय होते. बहुतेक फिल्म पूर्ण अंधारात, डबीत बंद करून धुवावी लागते. आत काय चालले आहे ते कळत नाही. कागदाची निगेटिव्ह, म्हणजे काळे-पांढरे उलटे झालेले चित्र, मात्र लाल बल्बच्या उजेडात, उघड्या ट्रेमध्ये, डोळ्यांसमोर उमटते. डार्करूमचे काम शिकायला याहून चांगली सुरुवात नाही.

ही रीत फिल्मच्याही आधीची. इंग्लंडमध्ये टॅलबट यांनी 1841 साली कागदी निगेटिव्हच्या पद्धतीचे पेटंट घेतले. चांदीचे क्षार लावलेल्या कागदावरचे अदृश्य चित्र ते गॅलिक आम्लाने उमटवत. हे आम्ल मायफळातून मिळते, म्हणजे आपल्याकडे बाळगुटीसाठी सहाणेवर उगाळतात त्याच मायफळातून! मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज यांना सरकारी छायाचित्रकार नेमले. विजापूर, ऐहोळे, बदामी इथल्या वास्तू त्यांनी कागदी निगेटिव्हवर टिपल्या. त्यांच्यामागून डॉ. पिगू यांनी ते काम चालवले आणि 1866 साली ही छायाचित्रे लंडनला ग्रंथरूपाने निघाली. बदामीचा दगड तांबडा वालुकाश्म आहे. म्हणजे जांभ्याची अडचण त्यांच्याही वाट्याला आलीच असणार.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. छपाईचा कागद फार मंद असतो. फिल्मच्या डबीवर 100 किंवा 400 असा वेगाचा आकडा छापलेला असतो. कागदाचा वेग साधारण 6 धरावा. घट्ट झाकणाच्या डब्याचाच कॅमेरा केला, त्याला सुईने 0.4 मिलिमीटरचे भोक पाडून आत 8 सेंटिमीटरवर कागद लावला, तर भर उन्हात सुमारे अर्धा मिनिट उजेड द्यावा लागतो. पण कोकणातले दुपारचे ऊन कागदाला मानवत नाही. उजळ भाग पार जळतात, सावल्या कोऱ्या राहतात. पातळ ढगांचा दिवस सर्वांत चांगला, चित्र मऊ येते.

खरे कौशल्य डेव्हलपिंगमध्ये आहे. प्रिंटसाठी डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणाच्या, 1 भागात 9 भाग पाणी घालतात. निगेटिव्हसाठी 20 ते 30 भाग घालावे. द्रावण पातळ असले की चित्र सावकाश चढते आणि काळ्या-पांढऱ्याचा झगडा कमी होतो. पाणी 20 अंशांचे हवे. मे महिन्यात खेडमध्ये नळाला असे पाणी कुठून येणार? माठातले घ्यावे, तरीही गरम वाटले तर ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवावा. ट्रे संथ हलवत राहावा. आधी आकाश काळे होते, मग पांढऱ्या भिंती, शेवटी सावल्यांतले बारकावे. काही सेकंदांतच सगळा कागद काळवंडला, तर उजेड जास्त झाला होता. कागद घाईने बाहेर काढला तर डाग राहतात, त्यापेक्षा नवा फोटो कमी उजेडात काढावा. शिवाय लाल दिव्याखाली चित्र असते त्याहून गडद भासते, म्हणून मनाला वाटते त्याहून थोडे पुढे जाऊ द्यावे.

त्यानंतर पांढरे व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून त्यात अर्धा मिनिट कागद बुडवावा, म्हणजे डेव्हलपरचे काम थांबते. पुढचा ट्रे फिक्सरचा, ज्याला फोटोग्राफर हायपो म्हणतात. उजेड न लागलेले चांदीचे क्षार त्यात विरघळून निघतात, आणि मगच खोलीतला दिवा लावता येतो. चिमटा वापरावा, खिडकीतून हवा खेळती ठेवावी, आणि हे ट्रे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत.

निगेटिव्ह धुऊन वाळली की तिची चित्राची बाजू नव्या कागदाच्या चित्राच्या बाजूला भिडवतात, वर काच ठेवतात आणि निगेटिव्हच्या मागून उजेड देतात. कागदाचे तंतू थोडे उमटतात. जुने लोक ते टाळायला निगेटिव्हला मेण लावत. प्लास्टिकच्या थराच्या कागदावर कंपनीचे नाव मागे छापलेले असेल तर तेही प्रिंटवर उतरते, म्हणून मागून कोरा कागद मुद्दाम मागून घ्यावा. काबूलच्या रस्त्यांवरचे ‘कमरा-ए-फौरी’वाले छायाचित्रकार हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवत. ते कॅमेऱ्याच्या पेटीच्या आतच निगेटिव्ह धूत, कॅमेऱ्यासमोर फळीवर लावून तिचाच फोटो काढत, आणि गिऱ्हाइकाच्या हाती काही मिनिटांत सुलटे चित्र देत.