शी-शू शिकवणं बापाचंही काम आहे

दोस्तांनो, तरुणांच्या शिबिरात शी-शूवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटलं, ते मी ऐकलं. हसा. तुमच्यातले बरेच जण चार-सहा वर्षांत बाप होतील, तेव्हा हे 'बायकांचं काम' म्हणून बाहेर सटकू नका, एवढंच माझं मागणं आहे.

माझी मुलगी सव्वा वर्षाची असताना अम्मीनं लंगोट बंद करायचा हुकूम काढला. शेजारच्या पोराला म्हणे जमलं होतं. पंधरा दिवस घरात रोज रडारड. एकदा मी मगरिबच्या नमाजला उभा राहणार, तोच पोरीनं मुसल्ल्यावर शू केली. मी जोरात ओरडलो. त्यानंतर ती कपाटामागे जाऊन शी दाबून धरायला लागली. दाबली की कडक होते, कडक झाली की दुखतं, दुखतं म्हणून मूल आणखी दाबतं. डॉक्टरांनी हे चक्र समजावलं आणि म्हणाले, आता दोन-तीन महिने विषयच काढू नका.

बहुतेक मुलं दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान तयार होतात. चड्डी दोन तास कोरडी राहते का? ओलं झाल्यावर ते सांगतं का? चड्डी स्वतः खाली ओढता येते का? हे दिसलं की सुरुवात करा, शेजारचं पोर बघून नको. रात्रीचं कोरडं राहणं तर आणखी उशिरा येतं. पाच वर्षांच्या कितीतरी मुलांचं अंथरूण ओलं होतं. त्यात मुलाचा काही हट्ट नसतो.

मुसल्ल्याचं काय झालं? धुतला, वाळला. हदीसमधला प्रसंग तुम्हाला माहीत असेल. एक बद्दू मशिदीतच लघवी करायला लागला. लोक धावले, पण पैगंबरसाहेबांनी त्यांना थांबवलं, त्याचं पुरतं होऊ दिलं आणि मग तिथं पाणी ओतायला सांगितलं. मोठ्या माणसाला मशिदीत एवढी सवलत, आणि आपण दोन वर्षांच्या पोरीला पाहुण्यांसमोर 'गंदी' म्हणतो!

आपल्या वस्त्यांमध्ये संडास अनेकदा सार्वजनिक, अंधारा. त्यात पडायची भीती मुलाला खरोखर वाटते. म्हणून घरात छोटं प्लास्टिकचं भांडं ठेवा, बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. जेवल्यावर आतड्यांची हालचाल वाढते, तेव्हा पाच मिनिटं बसवा. नाही झालं तर उठवा, चेहरा पाडू नका. मुलींना पुढून मागे धुवायला शिकवा, नाहीतर लघवीच्या जागी जंतू जातात. मग साबणानं हात, मुलाचे आणि तुमचेही.

अडीच वर्षांची झाल्यावर एका दुपारी पोरीनं स्वतःच भांडं ओढत आणलं. अम्मी म्हणाली, "देख, मैंच सिखाई थी." मी काही बोललो नाही. भांडं धुवायला घेऊन गेलो.