जुना पखवाज घेताना

भजनाची आवड असणाऱ्या सर्वांसाठी, आणि शाळेत मुलांकडून चार अभंग बसवून घेणाऱ्या गुरुजींसाठी आज थोडे बोलायचे आहे.

आमच्या पुणतांब्याच्या भजनी मंडळातला एक तरुण परवा फोन घेऊन ओट्यावर आला. म्हणाला, "गुरुजी, हा बघा सव्वाशे वर्षांचा शिसवी पखवाज. पंचवीस हजाराला देतोय. सप्ताहाची वर्गणी जमली आहे. आजच पैसे पाठवू का?"

चित्र मोठे देखणे होते. काळेभोर खोड, जुनाट वादी, शेजारी पितळी समई. पण वर्गणी कांदा विकून दिलेली, त्यामुळे माझा जीव धजेना. शिवाय मी स्वतः एकदा पोळलो आहे. असाच 'आजोबांच्या वेळचा' पखवाज चित्र पाहून मागवला. फाल्गुनात आला, वैशाखात खोडाला उभी चीर गेली. चिरेत पाहिले तर आत लाकूड ताजे पिवळे! ओले लाकूड रंगवून जुने केलेले होते.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, पखवाजाचे वय पुडीत नसते, खोडात असते. पुडी फाटते, शाई उडते, वादी तुटते. वाजते वाद्य असेल तर हे सारे कितीदा तरी बदललेले असणार. म्हणून मळकी पुडी दाखवून कोणी वय सांगू लागला, तर ते ऐकून सोडून द्यावे. उलट, जुन्या खोडावर कोरी पुडी असेल तर त्यात खोटे काही नाही.

मग खोड कसे पाहावे? पुडी उतरवून आत पाहावे. यंत्रावर पोखरलेल्या खोडात एकसारखी गोल वळी दिसतात. हाताने पोखरलेल्यात पटाशीचे लहानमोठे घाव असतात. मात्र हाताने पोखरणारे कारागीर आजही आहेत. म्हणजे यंत्राची वळी दिसली तर सव्वाशे वर्षांची गोष्ट तिथेच संपली; पण घाव दिसले म्हणून ती खरी ठरली असे नव्हे. पुढे बाहेरची बाजू पाहा. वर्षानुवर्षे वादी ताणली, गट्टे ठोकले, म्हणजे त्या त्या जागी लाकूड दबते, गुळगुळीत होते. रंगही सगळीकडे सारखा राहत नाही. खोड चहूकडून सारखेच काळे दिसले तर ओल्या फडक्याने पुसून पाहावे. फडके काळे झाले तर समजून घ्यावे.

ही लबाडी आपल्याकडचीच आहे असे मात्र नाही. बँडमध्ये वाजतात त्या विलायती ड्रमच्या संचांचीही हीच कथा. १९६४ साली बीटल्सचा रिंगो स्टार अमेरिकेत दूरचित्रवाणीवर लुडविग कंपनीचे ड्रम वाजवताना दिसला आणि त्या ड्रमना फार मागणी आली. आज त्या काळच्या संचांना भारी किंमत येते. त्यांवर धातूचा बिल्ला असतो. पण बिल्ला एका ड्रमवरून काढून दुसऱ्यावर बसवता येतो! म्हणून जाणकार बिल्ल्यावर थांबत नाहीत. लाकडाला जास्तीची भोके पाडली आहेत का, आत तारखेचा शिक्का आहे का, हे ते पाहतात. तिथेही कातडे बदलते आणि पिंप तेच राहते.

कायद्याचेही दोन शब्द सांगतो. शंभर वर्षांवरची कलावस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते, आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. 'सव्वाशे वर्षांचा' म्हणणाऱ्या दुकानदाराला परवाना विचारून पाहा. वय बहुधा भरभर उतरते. दिमडीला आणि गोव्याच्या घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. घोरपडीला कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा तसले 'अस्सल जुने' वाद्य घेण्याच्या फंदात पडूच नये.

असो. त्या तरुणाला मी म्हटले, "पुडी उतरवून आतले चित्र माग, दिवसाच्या उजेडातले. वजन विचार, दोन्ही तोंडांची मापे विचार. आणि वस्तू हाती येण्याआधी पैसा देऊ नकोस." पलीकडून उत्तर आले, पुडी काढली तर वाद्याचा जुनेपणा जाईल! आता, पुडी काढल्याशिवाय आजवर कोणी पखवाज मढवला आहे का? आमच्या पोराने पुन्हा विचारले, तेव्हा ते गृहस्थ बोलेनासेच झाले. पैसे आधीच गेले असते तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करणे एवढेच हाती उरले असते.

पंचवीस हजार वाचले, पण पखवाजाची नड तशीच होती. तेव्हा एका म्हाताऱ्या टाळकऱ्यांना आठवले की देवळाच्या माळ्यावर एक मोडका पखवाज पडलेला आहे. खाली काढला. पुडी उंदरांनी खाल्लेली, गट्टे दोनच उरलेले. खोड बाभळीचे. आत बॅटरी धरली तर वेडेवाकडे पटाशीचे घाव, आणि बाहेर वादीने पाडलेले पन्हळ बोटाला लागत होते. किती वर्षांचा ते कोणी सांगू शकले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. एका बाजूला बारीक चीर आहे, ती बुजेल असे कारागीर म्हणतो. पुढच्या आठवड्यात देतो, असेही म्हणाला आहे. कारागिरांचा पुढचा आठवडा किती लांब असतो, ते आपणांस ठाऊकच आहे.