परदेशातून काय आणावे?

(वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मुलाने परदेशी जाऊन शिकावे, ही इच्छा आता साध्या घरांतूनही ऐकू येते. ती स्वागतार्हच आहे. परंतु जायचे कसे याचा जितका विचार होतो, तितका तेथून आणायचे काय याचा होत नाही. म्हणून आज तीन विद्यार्थ्यांची हकीकत आपल्यापुढे ठेवतो.

अलीगढचे कॉलेज सोडून जामिया मिलियाच्या उभारणीत उतरलेले झाकिर हुसेन १९२२ साली बर्लिनला गेले. तेथे त्यांना आबिद हुसेन व ऑक्सफर्डहून आलेले मुहम्मद मुजीब हे सोबती लाभले. महायुद्धाने जर्मनी खचली होती. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला चार लाख कोटींहून अधिक मार्क मोजावे लागत. लोकांची जन्मभराची शिल्लक मातीमोल झाली, तरी विद्यापीठे चालू होती.

झाकिर हुसेनांनी प्रबंध लिहिला तो जर्मन भाषेत, पण विषय निवडला हिंदुस्थानातील शेतजमिनीच्या व्यवस्थेचा. ग्रंथालय परके, प्रश्न मात्र आपल्या शेतकऱ्याचा! हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा केर्शनस्टाइनर यांचा विचार त्यांनी तेथेच आत्मसात केला. १९२५ मध्ये बर्लिनच्या कावियानी छापखान्यात गालिबचा दीवान निघाला, तेव्हा त्यांनी स्वतः खिळे जुळवले. मुजीबही तेथे छपाईचे काम शिकले. उच्चशिक्षित तरुणांना हाताला शाई लागण्याची लाज वाटली नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

१९२६ मध्ये तिघे मायदेशी परतले आणि जामियात रुजू झाले. त्या वेळी जामिया बंद पडण्याच्या बेतात होती. खिलाफत चळवळीकडून येणारा पैसा आटला होता. पुढे या मंडळींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षे सेवा करण्याची आणि दीडशे रुपयांहून अधिक वेतन न घेण्याची प्रतिज्ञा केली. १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेने नेमलेल्या मूलोद्योग शिक्षणाच्या समितीचे अध्यक्षपद झाकिर हुसेनांकडे आले, तेव्हा बर्लिनची शिदोरी आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर कामी आली. १९६७ मध्ये ते राष्ट्रपती झाले, हे आपण जाणताच.

प्रत्येकाने असाच त्याग करावा, असे माझे म्हणणे नाही. कर्ज काढून मुलाला पाठवणाऱ्या बापाला हप्ता चुकत नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरील शिक्षणकाळातील व्याज केंद्र सरकार 'पढो परदेश' योजनेतून भरत असे. ती योजना २०२२-२३ पासून बंद झाली. तो भारही आता घरावरच आहे. म्हणून शेत गहाण टाकण्यापूर्वी पालकांनी मुलाला एवढेच विचारावे : बाबा, तू कोणता प्रश्न घेऊन चालला आहेस? ज्याच्याजवळ याचे उत्तर नाही, त्याने आणखी एक वर्ष येथेच अभ्यास करावा. त्यात कमीपणा नाही.

आणि जे जातील, त्यांनी वर्गाबाहेरही पाहावे. तेथील शाळा, ग्रंथालये, कामगारांची वस्ती पाहावी. तेथली भाषा शिकावी. नोकरी तेथे लागली तरी आपल्या शाळेतील एखाद्या मुलाला पत्राने मार्ग दाखवावा. पदवी एकट्याची असते. पाहून आलेले ज्ञान वाटले तर साऱ्या समाजाचे होते.