जनावराच्या पोटात गेलेल्या फवारणीच्या औषधाचे पुढे काय होते?



फवारणीचे दिवस आले की गावोगाव एक प्रश्न हटकून कानावर येतो. "साहेब, म्हैस फवारलेल्या बांधावरचं गवत खाऊन आली. लाळ गाळत होती, थरथरत होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. आता दोन दिवस झाले, चारा खाते, रवंथ करते. विष उतरलं ना?" याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. औषध बरेचसे उतरलेले असते. पण जनावर अजून पहिल्यासारखे झालेले नसते. हा फरक आज नीट समजून घेऊ.

क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट, मॅलॅथिऑन ही एकाच घराण्यातली औषधे. यांना सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके म्हणतात. किडीला ती ज्या रीतीने मारतात, त्याच रीतीने जनावरालाही मारतात.

औषध शरीरात काय करते?

मज्जातंतूचा हुकूम पोचला की स्नायू आखडतो. काम झाल्यावर तो हुकूम पुसून टाकणारा एक पदार्थ शरीरात असतो. त्याचे नाव कोलिनेस्टरेज. मोटार सुरू झाल्यावर ती बंद करणारी कळ असते ना, तसाच हा समजा. ही औषधे नेमकी त्या कळेवर जाऊन बसतात. मग मोटार चालूच राहते. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, पातळ शेण, वारंवार लघवी, बारीक झालेली बुबुळे, अंगाला थरथर आणि धाप ही त्याची लक्षणे. श्वास कोंडून जनावर दगावते. लक्षणे कधी अर्ध्या तासात दिसतात. क्लोरपायरीफॉससारख्या औषधात ती काही दिवस उशिराही दिसू शकतात. म्हणून पहिल्या दिवशी काही दिसले नाही तरी गाफील राहू नये.

विष बाहेर कसे पडते?

औषध तोंडावाटे जाते, श्वासावाटे जाते, कातडीतूनही मुरते. रक्तातून ते यकृतात, म्हणजे कलेजीत येते. इथे एक उलटी गोष्ट घडते. यातल्या पुष्कळ औषधांचे यकृत आधी जास्त जहाल विषात रूपांतर करते, आणि मग त्याचे तुकडे पाडते. हे तुकडे पाण्यात विरघळतात आणि बहुतांश लघवीवाटे, थोडे शेणावाटे बाहेर पडतात. काही अंश दुधातही उतरतो. क्लोरपायरीफॉस चरबीत काही काळ मुरून राहते. पण डीडीटी जसे महिनोन् महिने चरबीत साठून राहते, तसे हे राहत नाही. माणसांवर केलेल्या पाहणीत क्लोरपायरीफॉसच्या तुकड्याचे शरीरातले प्रमाण सुमारे २७ तासांत निम्मे झालेले आढळले. म्हणजे हिशेब महिन्यांचा नव्हे, दिवसांचा आहे.

मात्र सगळ्यांना हे सारखे साधत नाही. लहान वासराच्या यकृताची ही ताकद पुरती आलेली नसते. कोंबड्यांच्या रक्तात विष फोडणारा पदार्थ फारच कमी असतो. म्हणून त्या थोड्या मात्रेतही मरतात.

विष गेले, इजा राहिली

विष बाहेर पडले तरी जी कळ एकदा निकामी झाली, ती बहुधा पुन्हा सुधारत नाही. शरीराला नवी घडवावी लागते, आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. त्या काळात जनावर वरून धडधाकट दिसते. पण आत शिल्लक कमी असते. अशा वेळी पुन्हा फवारलेला चारा खाल्ला, किंवा कोणी गोचिडासाठी पिकाचे औषध अंगाला चोळले, तर एरवी पचली असती अशी मात्राही जीव घेते. म्हणून विषबाधेतून उठलेल्या जनावराला निदान महिना-दीड महिना या घराण्यातल्या कुठल्याही औषधाचा वारा लागू देऊ नका. गोचिडावरचे औषध डॉक्टरांना विचारूनच वापरा.

दोन औषधे मनाने एकत्र करू नका. मॅलॅथिऑन गुरांचे शरीर लवकर फोडते, म्हणून ते त्यातल्या त्यात सौम्य. पण याच घराण्यातले दुसरे औषध सोबत गेले, तर ते फोडण्याची शक्तीच अडून बसते. दोन औषधांचे मिळून विष बेरजेपेक्षा कितीतरी जास्त होऊ शकते, हे १९५७ सालीच प्रयोगांत दिसून आले आहे.

विषबाधा झाली तर

१. जनावर त्या जागेवरून हलवा. चारा-पाणी बदला.

२. अंगावर औषध पडले असेल तर साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत.

३. तेल, ताक, दूध नळीने पाजू नका. लाळेने घसा भरलेला असतो; पाजलेले फुप्फुसात जाते. तेलाने तर औषध अंगात लवकर मुरते.

४. लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. औषधाचा डबा डॉक्टरांना दाखवा. अ‍ॅट्रोपीनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर जनावर वाचते. त्याच्या जोडीचे कळ सोडवणारे औषध तर लवकरच द्यावे लागते. उशीर झाला की ते लागू पडत नाही.

५. दूध विकू नका, घरी वापरू नका, वासरालाही पाजू नका. किती दिवस, ते डॉक्टर सांगतील. शेण सारवायला घेऊ नका, लांब खड्ड्यात पुरा.

मुळात वेळ येऊ नये म्हणून

फवारलेल्या शेतात आणि बांधावर, पत्रकात लिहिलेले दिवस संपेपर्यंत गुरे सोडू नका, तिथले गवत कापू नका. पंप हौदावर धुवू नका. रिकाम्या डब्यातून पाणी पाजू नका. पेंड आणि औषध एका खोलीत ठेवू नका. मिथिल पॅराथिऑनवर ऑगस्ट २०१८ पासून आणि फोरेट व डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. माळ्यावर जुना डबा असेल तर तो वापरू नका, उघड्यावर ओतू नका. कृषी सहायकाला दाखवा.

मंडळी, जनावर उठून उभे राहिले म्हणजे बरे झाले असे धरू नका. त्याला आठवड्यांची सवड द्या. आज इतकेच.