अमेरिकेतील कॉलेजे आणि आपले खेळाडू विद्यार्थी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील काही मुलेमुली टेनिस, पोहणे यांत चमकू लागली असून त्यांच्या पालकांचे लक्ष अमेरिकेतील क्रीडा-शिष्यवृत्तीकडे आहे. तेव्हा तेथील नियम समजावून सांगावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. आम्ही जन्मभर शाळेत शिकविले. खेळातले आम्हांस फारसे कळत नाही. परंतु नियम वाचल्यावर दिसून आले की, त्यांतील निम्मा भाग शाळामास्तराच्याच अखत्यारीतला आहे.

तेथील कॉलेजांच्या खेळांचे नियमन करणारी प्रमुख संस्था 'एनसीएए' ही १९०६ साली स्थापन झाली. तिच्या सभासद-कॉलेजांचे तीन विभाग आहेत. पहिल्या दोहोंत क्रीडा-शिष्यवृत्ती मिळू शकते, तिसऱ्यात नाही. हार्वर्ड, येल ही विद्यापीठे पहिल्या विभागात असूनही ती देत नाहीत.

खेळण्यास पात्र ठरावयाचे तर नववी ते बारावीत मुख्य विषयांचे सोळा वार्षिक अभ्यासक्रम पुरे व्हावे लागतात. पहिल्या विभागासाठी त्यांत इंग्रजीची चार वर्षे, गणिताची तीन, विज्ञानाची व सामाजिक शास्त्रांची दोन-दोन, आणि बाकीचे ठराविक विषयांतून. सरासरी चारांपैकी किमान २.३ हवी, दुसऱ्या विभागात २.२. पहिल्या विभागासाठी सोळांपैकी दहा अभ्यासक्रम शेवटच्या वर्षाआधीच संपले पाहिजेत, आणि त्यांतील सात इंग्रजी, गणित व विज्ञान यांचे असावेत. बारावीला जागरणे करून मागील उणीव भरून काढण्याची आपली रीत तेथे उपयोगी पडत नाही. आपल्याकडे खेळाडूस परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. तेथे पदकाने सरासरी वाढत नाही. सरावास वेळ मिळावा म्हणून दहावीनंतर मुलाचे गणित सोडविणाऱ्या पालकांनी तिसऱ्या वर्षाचे गणित कोठून आणावयाचे, हे आधी ठरवावे.

इतकी कडक अट का, असे कोणी विचारील. डेक्स्टर मॅन्ली हा नामांकित फुटबॉलपटू. कॉलेजातून बाहेर पडलो तरी आपणांस धड वाचता येत नव्हते, असे त्याने १९८९ साली सिनेटच्या समितीपुढे सांगितले. अशा प्रकारांस आळा घालण्यासाठीच १९८३ साली किमान श्रेणी व प्रवेशपरीक्षा यांचा नियम संमत झाला, व १९८६ पासून अमलात आला. पुढे तो अधिक कडक होऊ लागताच, गरीब कृष्णवर्णीय मुलांवर अन्याय होतो म्हणून जॉन थॉम्पसन हे प्रशिक्षक जानेवारी १९८९ मध्ये सामना सोडून निघून गेले. त्यांचे म्हणणे आम्हांस पटते. परीक्षेची अट २०२३ च्या जानेवारीत गेली; ती आधीच जावयास हवी होती. अर्थात एखादे कॉलेज प्रवेशासाठी ती परीक्षा आजही मागू शकते.

विद्यार्थ्याने प्रशिक्षकास केव्हाही लिहावे. परंतु पहिल्या विभागात बहुतेक खेळांच्या प्रशिक्षकांस दहावीनंतरच्या १५ जूनपूर्वी उत्तर देता येत नाही. उत्तर आले नाही म्हणून मुलाने खचू नये. शिष्यवृत्तीच्या रकमेवर टक्केवारी मागणारा मध्यस्थ मात्र दारातूनच परत पाठवावा. तसा व्यवहार नियमाविरुद्ध असून त्याने मुलाची पात्रताच धोक्यात येते.

१ जुलै २०२५ पासून कॉलेजे खेळाडूंस थेट पैसेही देऊ शकतात, हे खरे. विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्यांस कमाईची बंधने असल्यामुळे पालकांनी तो आकडा हिशेबात धरू नये.

आणखी एक. नववीपासूनच्या मूळ गुणपत्रिका लागतात. दहावी-बारावीच्या आपण जपून ठेवतो, नववीची कोणी ठेवीत नाही. ती शाळेकडून सहीशिक्क्यानिशी आजच मागून घ्या. चार वर्षांनी शाळेच्या कपाटात ती शोधणे काय असते, ते आम्ही जाणतो.